उजव्या बाहीवरची पट्टी

कॉफीच्या दुकानात नेहमीच्या टेबलाशी बसल्यावर किआटचा डावा हात सवयीने उजव्या दंडाकडे गेला आणि हाताला नुसतं कापड लागलं. एवढंच झालं. समोर काळी कॉफी वाफाळत होती, शेजारच्या टेबलावर म्हातारे कालच्या फुटबॉलवरून एकमेकांची अक्कल काढत होते. त्याने पुन्हा चाचपून पाहिलं, मग मान वळवून पाहिलं. बाहीवर काळी पट्टी नव्हती. अठ्ठेचाळीस दिवस रोज सकाळी कालच्या शर्टावरून ती दोन बोटं रुंदीची पट्टी काढायची आणि बोटाला सेफ्टी पिन टोचून घेत आजच्या शर्टाला लावायची, असं चाललं होतं. घरातली बाई गेली की उजव्या बाहीला लावतात, पुरुष गेला की डाव्या. आज एकोणपन्नासावा दिवस. सात आठवडे पुरे झाले. दुपारी मेहुणी येणार, नैवेद्य मांडणार, आणि मेलेल्यांसाठी जाळतात त्या खोट्या कागदी नोटांबरोबर ती पट्टी पत्र्याच्या डब्यात जाळायची की सुतक फिटलं. आणि नेमका आज तो ती विसरला होता. कालचा शर्ट कुठे आहे हे आठवायला वेळ लागला नाही. निघताना आपणच तो बाकीच्या कपड्यांबरोबर मशीनमध्ये कोंबला, पावडर टाकली, बटण दाबलं. तेव्हा आपण शीळ घालत होतो का? घालत असू. दार ओढून घेताना ओठांशी काहीतरी चाललं होतं खरं. किआटने कॉफी तशीच ठेवली आणि उठला. मालकाने विचारलं, "साखर जास्त झाली का?" तोवर तो रस्त्यावर आला होता.

घर चार गल्ल्यांपलीकडे होतं. जेलुटोंग या जुन्या वस्तीतली एकमेकींना खेटून बांधलेली ती बैठी घरं. समोर दिवाणखाना, मग दोन अंधाऱ्या खोल्या, मग स्वयंपाकघर आणि त्यामागे उघडं अंगण. अंगणात कपड्यांच्या दोन दोऱ्या आणि भिंतीशी मशीन. किआट धापा टाकत मागे पोचला तेव्हा मशीन मजेत चाललं होतं. त्याने थांबायचं बटण दाबलं. आतलं पाणी एकदा हेलकावलं, स्थिर झालं. मग तीन वेळा टिटिटी वाजलं, छोट्या पडद्यावर दोन अक्षरं लुकलुकायला लागली, आणि त्यांच्याखाली कुलपाच्या चित्राचा लाल दिवा. झाकण हलेना. झाकण काचेचं होतं. वाकून पाहिलं तर आधी स्वतःचं तोंड दिसलं. घाम आलेलं, दाढीचे पांढरे खुंट असलेलं. त्या तोंडाच्या आरपार फेस दिसला, फेसात राखी शर्टाची पाठ फुगून वर आली होती. बाही दिसत नव्हती. पट्टी अजून बाहीला आहे की सुटून नळीत गेली, काही कळायला मार्ग नव्हता.

बरं, किआट काही अडाणी नव्हता. तेहेतीस वर्षं त्याने या शहरातल्या लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. दाराला कुलूप लागल्याची खात्री पटल्याशिवाय लिफ्ट जागची हलत नाही, आणि लिफ्ट थांबल्याची खात्री पटल्याशिवाय दार उघडत नाही. सगळा धंदाच या दोन वाक्यांचा. मशीनचं झाकण म्हणजे तेच, आडवं केलेलं दार. म्हणून त्याने शहाण्या माणसासारखं एकेक करून पाहिलं. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. टिटिटी. प्लग काढून घड्याळात दहा मिनिटं मोजली, कारण काही कुलपं आतल्या गरम होणाऱ्या धातूच्या पट्टीवर चालतात आणि ती निवल्याशिवाय सोडत नाहीत. टिटिटी. झाकण दोन्ही तळव्यांनी खाली दाबलं आणि दाबलेलं असतानाच बटण दाबलं. गेले तीन-चार आठवडे हा उपाय लागू पडत होता. मशीन अधूनमधून रुसायचं, उजव्या कोपऱ्यावर एक चापट मारली की चालू व्हायचं. तेव्हाच बघायला हवं होतं. दुसऱ्या कोणाच्या लिफ्टने असं केलं असतं तर त्याने त्याच दिवशी दार खोलून ठेवलं असतं. आपल्या घरची म्हणून चापट मारून कॉफी प्यायला गेला. आज त्याने कोपऱ्यावर चापट मारली, मग बुक्की मारली, मग दोन बुक्क्या. मशीन पाय तिरपा करून उभं होतं म्हणून पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली. टिटिटी.

"आपेक," भिंतीपलीकडून आवाज आला, "सकाळपासून कोणाला बडवताय?"

मागच्या गल्लीतली लेचुमी. तीस वर्षांपासूनची शेजारीण, त्याला आपेक म्हणजे म्हातारबाबा म्हणायची. पाटावर उभी राहिली की तिचं डोकं आणि हळदीने पिवळे झालेले दोन हात भिंतीवर दिसायचे.

"मशीनला."

"तिने काय केलं?"

"तोंड मिटून बसलीये. कपडे आत आहेत."

"असणारच. मालकीण होती तेव्हा तुम्ही तिच्या जवळपास फिरकत नव्हता. ओळखच नाही, तर उघडेल कशी?"

"अक्का, मला वेळ नाही."

"आमची अशी अडली होती तेव्हा मी झाकणावर बसले. उघडली."

"मी बसलो तर काच फुटेल."

"मी बसले तरी फुटली नाही," लेचुमी म्हणाली, "आणि माझ्याकडे बघा एकदा." मग जरा थांबून म्हणाली, "आज सातवा सात ना? संध्याकाळी येते मी. मला बघायचंय तुम्ही जेवता का ते." आणि डोकं खाली गेलं.

किआटला तिचा राग आला, आणि राग आला याचाही राग आला. मशीनशी ओळख नाही हे खरंच होतं. हे मशीन त्याला नकोच होतं. आधीचं दोन टाक्यांचं होतं, कपडे एका टाकीतून काढून दुसऱ्या टाकीत टाकायचे, झाकण प्लॅस्टिकचं, हवं तेव्हा उघडा. बायको, गेक सिम, म्हणाली, माझं मनगट दुखतं, ओले कपडे उचलवत नाहीत. त्याने सांगितलं की मनगटाला मलम लाव. तीन महिने मलम लावलं तिने. मग एक दिवस तो कामावरून आला तर अंगणात हे उभं. काचेचं झाकण, गाणं म्हणून काम संपवणारं. दुकानदाराने तिला सांगितलं होतं की झाकणाला कुलूप आहे, चालू असताना उघडत नाही. किआट म्हणाला होता, "लिफ्टला कुलूप असतं, ते माणूस पडू नये म्हणून. बादलीला कुलूप कशाला? मोजा पळून जाईल?" ती म्हणाली, "तुमच्या लिफ्टमध्ये लोक तासन्‌तास अडकतात, त्यापेक्षा मोजा अडकलेला बरा." मात्र कुलपाचा त्रास तिलाही होत असे. कपडे फिरायला लागल्यावरच तिला त्याचा एखादा रुमाल सापडायचा. मग ती हातात रुमाल घेऊन काचेवर टिचक्या मारत उभी राहायची, एखाद्या दारावर थाप मारावी तशी, आणि म्हणायची, उघड गं बाई, एकच राहिलाय. तेव्हा त्याला वाटायचं, ही यंत्राशी काय बोलते. आता अकराच्या सुमाराला तो स्वतः मशीनशी बोलत होता, आणि जे बोलत होता ते तिच्या कानावर गेलं नाही तेच बरं.

त्याने कंपनीला फोन लावला. आधी एका बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज चार भाषांत कोणती भाषा हवी ते विचारत राहिला. मग गाणं लागलं. गाणं संपून पुन्हा लागलं. मग एक माणूस आला, गोड बोलणारा.

"सर, झाकण नीट बंद आहे का?"

"बंदच आहे. उघडत नाही हीच तक्रार आहे."

"बरोबर सर. तर आधी झाकण उघडा आणि पुन्हा घट्ट बंद करा."

"ते उघडलं असतं तर मी तुम्हाला फोन कशाला केला असता?"

"बरोबर सर. मग आमचा माणूस पाठवतो. पुढच्या गुरुवारी."

"मला आज दोनच्या आत हवंय."

"कपडे तातडीचे आहेत का सर?"

"एक कापड आहे," तो म्हणाला, आणि त्यावर त्या माणसाने तेही बरोबर आहे असं म्हणून गुरुवारची वेळ लिहून घेतली.

फोन ठेवतो न ठेवतो तोच पर्थहून मुलीचा आला. पेई शान. तिकडे ती दवाखान्यात नोकरी करत होती. "पा, मावशी आली का?" तिने विचारलं. नाही अजून, तो म्हणाला. "तुमचा आवाज असा का येतोय?" मशीन बिघडलंय, तो म्हणाला. "मग कपडे बाहेर धुवायला द्या ना. आजच्या दिवशी ते काय घेऊन बसलात?" त्याने तिला पट्टीचं सांगितलं नाही. ती म्हणाली, "मी सांगते पा, ती काढली ना, की हलकं वाटेल तुम्हाला. मला वाटलं होतं." तिने आपली पट्टी अकराव्या दिवशी विमानतळावर काढून मावशीच्या हातात दिली होती, नोकरीच्या ठिकाणी चालत नाही म्हणून. मावशीची स्वतःची त्याच्याही आधी निघाली होती, बहिणीसाठी थोडेच दिवस असतात. राहिली होती ती त्याची एकट्याची. तीसुद्धा खरं तर लावायची नव्हती. गेक सिमचा थोरला काका, नव्वदीचा, शवपेटीशेजारी खुर्ची टाकून बसला होता, त्याने सगळ्यांसमोर सांगितलं होतं की नवऱ्याने बायकोसाठी पट्टी लावायची रीत नाही, बायको नवऱ्यासाठी लावते. किआट आयुष्यात कधी वडीलधाऱ्यांना उलटून बोलला नव्हता. त्या दिवशीही बोलला नाही. फक्त पट्ट्या मांडलेल्या ताटातली एक पट्टी उचलली आणि स्वतःच्या बाहीला लावली. पिन उलटी लागली होती. काका तोंड फिरवून बसला. आता त्या काकाला कळलं तर तो म्हणेल, बघा, हौसेने लावली आणि धुवायला टाकली.

आणि म्हणू दे, त्यात चूक काय. किआट अंगणातल्या पायरीवर बसला. दुपार झाली होती. बारा वाजले की या अंगणात उन्हाचा एक पट्टा उतरतो, आधी भिंतीकडच्या दोरीवर येतो, चारपर्यंत सरकत सरकत निघून जातो. स्वयंपाकघराकडची दोरी मात्र कायम सावलीत. गेक सिम कपडे आधी सावलीच्या दोरीवर निथळायला घालायची आणि मग उन्हामागोमाग एकेक चिमटा सरकवत न्यायची, मधेच कढई हलवून यायची, पुन्हा चिमटे सरकवायची. तिला कधी घड्याळ बघावं लागलं नाही. आता दोन्ही दोऱ्या रिकाम्या होत्या. विसरलो म्हणजे काय झालं, हे त्याला नीट समजून घ्यायचं होतं. किल्ल्या विसरतो तसंच ना हे? तसं नव्हतं. सकाळी उठून चूळ भरली, शर्ट बदलला, कपडे टाकले, शीळ घातली, आणि या सगळ्या वेळात, अर्धा तास धरा, ती गेलेली नव्हती. म्हणजे ती जिवंत आहे असंही वाटलं नव्हतं. ती नव्हतीच. गेलेली नाही आणि असलेलीही नाही. तिच्यावाचून एक साधी सकाळ झाली होती आणि ती बरी गेली होती. यालाच मुलगी हलकं वाटणं म्हणत होती का? मग ते त्याला नको होतं. आणि एकदा असं झालं होतं, हेही त्याला माहीत होतं. एकदा आधी, ती असताना.

हॉस्पिटलात ती नवव्या मजल्यावर होती. त्या दिवशी दुपारी तिला आंबट लाक्सा, म्हणजे माशाच्या रश्श्यातल्या शेवया, हवा होता. खाणं बंदच होतं, पण नुसता वास घेईन म्हणाली. तो खाली जायला निघाला. लिफ्टचं दार मिटताना त्याला एक आवाज आला, कुलूप बसण्याआधी अर्धा क्षण होणारी चरचर. खाली पोचल्यावर त्याने बाहेर पडायला हवं होतं. तो पडला नाही. दार पुन्हा मिटू दिलं, पाचव्या मजल्यापर्यंत गेला, कान दाराला लावून. पुन्हा खाली. पुन्हा वर. कुठल्या मजल्यावर जास्त वाजतं ते बघायला. कोणी त्याला सांगितलं नव्हतं, निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, लिफ्ट त्याच्या जुन्या कंपनीचीही नव्हती. सातव्या मजल्याचं दार. सापडल्यावर त्याला बरं वाटलं होतं, सकाळच्या शिळेसारखं बरं. मग तो खाली जाऊन लाक्साची पिशवी घेऊन आला, तेव्हा पलंगाभोवती पडदा ओढलेला होता. किती वेळ गेला असेल त्या फेऱ्यांत? सहा मिनिटं, आठ. हे त्याने कोणालाही सांगितलं नव्हतं. काकाने पट्टी लावू नको म्हटल्यावर त्याचा हात ताटाकडे गेला तो त्या आठ मिनिटांमुळे गेला होता. बायकोसाठी पट्टी लावायची रीत नसेल, पण जो खाली-वर करत राहिला त्याच्यासाठी काही तरी असेल.

तो उठला. मशीनमागची पाणी जायची नळी ओढून जमिनीवर टाकली. निदान पाणी तरी निघेल. पाणी निघालं, अंगणभर फेस झाला, चपला वाहत मोरीकडे गेल्या. शर्ट तळाशी बसला, आता तर पाठही दिसेना. त्याने मोठा स्क्रूड्रायव्हर आणला, झाकणाच्या फटीत घातला, जोर लावला. काचेने करकर केली. हात थांबला. हे तिचं होतं. त्याला मशीन एवढं नावडत होतं, पण काच फोडावी असं हाताला काही वाटेना. तो स्क्रूड्रायव्हर तसाच धरून ओल्या फरशीवर उभा राहिला.

दीडला हून आली. गेक सिमची धाकटी बहीण, दोन्ही हातांत डबे, काखेत कागदी नोटांचं पुडकं. समोरच्या दारातूनच बोलत आली. "चेहू, करी चिकन झाकून ठेवा, नाहीतर मांजर... हे काय?" थोरल्या बहिणीचा नवरा म्हणून ती त्याला चेहू म्हणायची. ती फेसाकडे, चपलांकडे, मग त्याच्याकडे बघत राहिली. "आंघोळ अंगणात केलीत?"

"पट्टी आत आहे," किआट म्हणाला.

"कशात?"

"मशीनमध्ये. शर्टाला. झाकण उघडत नाही."

हूनने डबे कट्ट्यावर ठेवले. ती शिवणकाम करायची, घाबरणाऱ्यातली नव्हती. "एवढंच ना. माझ्या पिशवीत काळं कापड आहे, पॅंट शिवून उरलेलं. दोन बोटं कापते. कोणाला कळणारे?"

"नको."

"चेहू, तीनच्या आत जाळायचंय. साडेतीनला माझा नवरा न्यायला येतो. कापड ते कापड."

"ते नको म्हटलं ना." त्याचा आवाज इतका चढला की भिंतीपलीकडे लेचुमीच्या नळाचा आवाज थांबला. मग तो खाली बघून म्हणाला, "मी विसरलो. हून, मी ती लावायला विसरलो. सकाळी उठलो आणि मला काही आठवलंच नाही. अर्धा तास."

हूनने पाय उचलून चपला काढल्या, फेसातून चालत त्याच्या शेजारी आली. "मी तिला फोन केला होता," ती म्हणाली. "पंधराव्या दिवशी. बाजारात चांगली कोळंबी होती. तिला किती घेऊ विचारायला. वाजला पण. सहा वेळा वाजल्यावर मला आठवलं."

किआटला तो फोन माहीत होता. कपाटाच्या खणात तिचा फोन वाजला होता, त्याने खण उघडून पाहिलं होतं, वर हूनचं नाव लुकलुकत होतं. त्याने उचलला नव्हता. आपली बायको गेल्याचं तिच्या बहिणीला आपणच पुन्हा सांगायचं, ते त्याला जमलं नव्हतं. त्याने खण हलकेच लावून टाकला होता.

"मी ऐकला," तो म्हणाला. "वाजताना."

"उचलला का नाहीत?"

"काय बोललो असतो?"

"खरंच," हून म्हणाली. "काय बोलला असता." तिने नाक पुसलं. "आता तुमचं ते लिफ्टचं डोकं चालवा. लिफ्ट अशी अडली की काय करायचात?"

लिफ्ट अशी अडली की. किआटला त्याचा पहिला फोरमन आठवला, काखेत वर्तमानपत्र असलेला. मोटारीकडे धावू नकोस, तो म्हणायचा, तारांना हात लावू नकोस. दार बघ. आणि दारात दाराची खाच बघ. दहातल्या नऊ लिफ्ट काडीने, पानाच्या देठाने, कोणाच्या तरी तिकिटाने अडतात. तेहेतीस वर्षं किआट हे दुसऱ्यांना सांगत आला होता. आणि आज सकाळपासून त्याने प्लग काढला, बुक्क्या मारल्या, पुठ्ठा सारला, पाणी सोडलं, कंपनीच्या माणसाचा अपमान केला. खाचेत डोकावला नाही. त्याने प्लग काढला, स्क्रूड्रायव्हर खिशात घातला. "बॅटरी धर," तो म्हणाला.

झाकणाच्या उजव्या कोपऱ्याखाली, जिथे तो चापट मारायचा तिथेच, बोटभर लांबीची खाच होती. हूनने मोबाईलचा उजेड फटीतून तिरपा टाकला. किआट गुडघ्यावर बसला, गाल मशीनच्या थंड पत्र्याला लावला. आत कुलपाची जीभ दिसत होती आणि जिभेला काहीतरी चिकटलं होतं. फटीत बोट जाईना, स्क्रूड्रायव्हर जाडा होता. "काहीतरी बारीक दे," तो म्हणाला. हून आत जाऊन आली. तिने आणलं ते बांबूचं कानकोरणं होतं, टोकाला चमच्यासारखा वाक असलेलं. रविवारी दुपारी गेक सिम त्याचं डोकं मांडीवर घेऊन या कानकोरण्याने कान साफ करायची आणि म्हणायची, हलू नका, नाहीतर बहिरे व्हाल, तसे आताही ऐकत नाहीच. किआटने ते खाचेत घातलं. श्वास धरून त्या चिकटलेल्या गोष्टीखाली वाक सरकवला. ती सुटली, निसटली, पुन्हा सापडली. मग बाहेर आली. नखाएवढा लाल कागद. ओला, मऊ, एका बाजूला सुकलेल्या भाताचा कडक थर.

हूनने मोबाईलचा उजेड त्यावर धरला.

"हा तर तुम्ही लावलेला," हून म्हणाली.

त्यानेच लावला होता. पेटी घरी येणार त्या सकाळी देव्हाऱ्यावर आणि आरशांवर लाल कागद लावायचा होता. पेटीचं प्रतिबिंब कशात पडू नये म्हणून. सगळे रडत होते, फोन करत होते, आणि किआटला कोणी काही काम देईना. त्याने भाताची खळ केली, कागदाचं भेंडोळं घेतलं आणि आरशापासून सुरुवात केली. मग टीव्ही. मग कपाटाच्या काचा. मग किटली. मग मागे येऊन या झाकणात त्याला स्वतःचं तोंड दिसलं, तर त्याच्यावरही पसरून चारी बाजूंनी भात चोपडला. तेव्हाही हून मागे उभी होती. रडता रडता म्हणाली होती, "चेहू, पेटी दिवाणखान्यात आहे. ताई काय मशीनमध्ये बघायला येणारे?" आणि त्याला वाटलं होतं, येईलही, तिचा भरवसा नाही, एखादा रुमाल राहिलाय का बघायला. पेटी गेल्यावर त्याने सगळे कागद फराफरा ओढून काढले. कडेला राहिले त्यांच्याकडे कोण बघतो.

"एवढंसं," हून म्हणाली. ती हसत होती की काय ते त्याला कळेना. "एवढ्याशाने तुम्ही सकाळपासून..."

"गप्प बैस," किआट म्हणाला, पण रागाने नाही. त्याने प्लग लावला. बटण दाबलं. मशीनने थोडा विचार केला, मग खाचेत टक् असा आवाज झाला आणि लाल दिवा विझला. सातव्या मजल्याच्या त्या दाराला असाच आवाज यायला हवा होता. त्याने झाकण लगेच उघडलं नाही. काचेत त्याचं तोंड होतं, मागे हूनचं, आणि वरती आभाळाचा चौकोन. मग उघडलं.

शर्ट पिळवटून तळाशी पडला होता. बाही आत वळली होती, ती त्याने सोडवली. पिन होती. पिनेत पट्टी होती, आक्रसलेली, कडांचे दोरे सुटलेले, पण होती. पिन उलटीच लागली होती, त्या पहिल्या दिवसासारखी. त्याने ती काढून तळव्यावर ठेवली. तळव्यावर पाण्याचं थारोळं झालं.

"पेटणार नाही ही," हूनने हात लावून पाहिलं. "चिंब आहे. नुसता धूर होईल, आणि अर्धवट जळलेलं चालत नाही. वाळत घाला आधी. ऊन कडक आहे, पाऊण तास. मी तोवर नैवेद्य मांडते. नवऱ्याला सांगते जरा उशिरा ये." ती हात पुसत आत गेली. ताटांचा आवाज आला, मग तिचा फोनवरचा आवाज, हो हो, मशीन, नाही, आता उघडलं, सांगते नंतर.

किआटने टोपलीतून एक चिमटा घेतला. लाल कागदाचा तुकडा अजून त्याच्या दुसऱ्या हातात होता, तो त्याने खिशात घातला. उन्हाचा पट्टा भिंतीकडच्या दोरीवर लख्ख पडला होता, दोरीची सावलीसुद्धा भिंतीवर रेघ मारल्यासारखी दिसत होती. त्याने पट्टी झटकली, दोन्ही टोकं बोटांनी सरळ केली आणि चिमट्याने लावली.

हून ताट घेऊन दारात आली तेव्हा तो पायरीवर बसला होता. तिने भिंतीकडच्या रिकाम्या दोरीवरचं ऊन पाहिलं. मग स्वयंपाकघराकडच्या दोरीवर, सावलीत, त्याच्या डोक्याशी लोंबणारी ती पट्टी पाहिली. पट्टीतून थेंब पडत होते, सावकाश, एकेक. तिने ताट कट्ट्यावर ठेवलं, करी चिकनवर झाकण ठेवलं, आणि चहाचं आधण चढवलं.